समुद्रातल्या तीन विहिरी

आपल्या धामणगाव बढ्यातून समुद्र कुठला दिसायला! तरी आज आम्ही मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल बोलणार आहोत. त्याला कारण आहे पाणी.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. तेव्हा आपल्या सिंदखेडराजाची लेक, जिजाऊ, सहासष्ट वर्षांच्या होत्या. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज, सगळ्यांची जहाजे या किनाऱ्यावरून फिरत. त्यांच्यावर नजर ठेवायची तर ठाणे समुद्रातच हवे, म्हणून कुरटे बेट निवडले. भोवती पाण्याखाली खडक इतके, की वाट माहीत नसलेले जहाज आपटलेच म्हणून समजा.

बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी पाहिले. लाटांच्या माऱ्यात पाया टिकावा म्हणून दगड बसवताना शिसे ओतले. तट सुमारे तीन किलोमीटर लांब, तीस फूट उंच, बारा फूट रुंद. एवढे काम तीन वर्षांत उरकले! दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की होडी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटातच शौचकूपही बांधले आहेत. इतिहास सांगणारे हे क्वचितच सांगतात, पण आम्हाला ते फार शहाणपणाचे वाटले.

पण तट कितीही उंच असला तरी आत पाणी नसेल तर वेढ्यात माणसे किती दिवस काढणार? सिंधुदुर्गावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूध विहीर, दही विहीर आणि साखर विहीर. चहूकडे खारट पाणी आणि मध्ये हे. नावे ठेवणाऱ्याला पाण्याची किंमत कळत होती. यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत, खडकाच्या भेगांत मुरतो. गोडे पाणी हलके, ते जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. मात्र बेसुमार उपसा केला की खालून खारे वर येते. आपल्याकडे बोअरवर बोअर मारणाऱ्यांना हे कोणी समजावून सांगावे!

१७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला काही काळ घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिले. ते नाव आज कोणाच्या तोंडी नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत सिंधुदुर्ग आहे.

किल्ल्यावर अजूनही काही घरे नांदतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्यांची ये-जा थांबते, म्हणून तिथल्या बायका मिरगाच्या आधीच किराणा भरून ठेवतात. पाणी मात्र त्यांना भरून ठेवावे लागत नाही.