हेडफोन व हेडफोन-विवर्धक

हेडफोन : विद्युत् संकेतांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या व कानांवर किंवा कानांत बसविता येणाऱ्या श्रवण-साधनांची जोडी. या जोडीस आवश्यक तेवढा विद्युत् दाब व प्रवाह पुरविणाऱ्या मंडलास हेडफोन-विवर्धक असे म्हणतात. ध्वनिमुद्रणात गायक, वादक व ध्वनिमुद्रक या तिघांनाही हेडफोनची गरज असते. मात्र प्रत्येकाची गरज निराळी असल्याने निवडीचे निकषही बदलतात. हे निकष कसे घडत गेले, हे साधनाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

इतिहास : हेडफोनचा उगम दूरध्वनीच्या श्रवणीत आहे. पॅरिस येथील 1881 च्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराचे गायन तारांवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचविले. प्रत्येक श्रोत्याला दोन श्रवण्या दिल्याने रंगमंचावरील आवाजांच्या दिशाही कळत. कानात बसणाऱ्या श्रवण्यांचे एकस्व एर्नेस्त मेर्काद्ये यांना 1891 मध्ये मिळाले. अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी 1910 मध्ये अमेरिकन नौदलास पुरविलेले संवेदनक्षम हेडफोन आधुनिक साधनाचे पूर्वज मानले जातात.

मुंबईत दूरध्वनी केंद्र 1882 मध्ये सुरू झाले. ऑगस्ट 1921 मध्ये टाइम्स ऑफ इंडिया व टपाल आणि तार खाते यांनी मुंबईहून संगीताचा खास कार्यक्रम प्रक्षेपित केला व गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते झाले. केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती केवळ 1.5 किवॉ. होती. त्या काळच्या स्वस्त स्फटिक-संचास विजेचा पुरवठा लागत नसे. आकाशकाने ग्रहण केलेल्या अल्पशा ऊर्जेवरच हेडफोन चालत असे. त्यामुळे बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांची, हजारो ओहम संरोधाची वेटोळी वापरणे भाग होते. विवर्धकाची उणीव हेडफोनच्या संवेदनक्षमतेने भरून काढावी लागे. एका संचावर एक-दोघांनाच ऐकता येई. पुढे निर्वात नलिकांचे विवर्धक आणि राइस व केलॉग यांचा 1925 चा चल-वेटोळ्याचा लाऊडस्पीकर यांच्या प्रसारामुळे नभोवाणी घरातील सर्वांना एकत्र ऐकता येऊ लागली व हेडफोन तंत्रज्ञांच्या कक्षापुरता उरला.

चल-वेटोळ्याचे तत्त्व हेडफोनमध्ये आणणारा बायर यांचा डीटी 48 हा नमुना 1937 मध्ये बर्लिन येथे तयार झाला. जॉन कॉस यांनी 1958 मध्ये अमेरिकेत स्टीरिओ हेडफोन बाजारात आणले आणि हे तंत्रज्ञांचे साधन रसिकांच्या हाती आले. सेन्हायझर कंपनीच्या एचडी 414 (1968) या नमुन्याने उघड्या पाठीच्या रचनेचा प्रसार केला. सोनी कंपनीच्या वॉकमनमुळे (1979) संगीत श्रोत्याबरोबर रस्त्यावर व रेल्वेच्या डब्यात गेले.

ध्वनिमुद्रणातील उपयोग : मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणात दीर्घकाळ गायक व संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी वाजवीत. बहुपथ फितीमुळे वाद्यवृंद आधी व गायन नंतर मुद्रित करणे शक्य झाले. तेव्हा पूर्वमुद्रित भाग गायकाला ऐकविण्यासाठी हेडफोन अपरिहार्य ठरला. येथे बंद पाठीचा हेडफोन लागतो, कारण उघड्या हेडफोनमधून निसटलेला तबल्याचा किंवा तालदर्शकाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो. कान पूर्ण झाकल्यास स्वतःचा आवाज बदललेला भासतो व सुराचा अंदाज चुकण्याचा संभव असतो; म्हणून अनेक गायक एक कान उघडा ठेवतात. तंबोऱ्याच्या नादात आपला स्वर मिसळून पाहणाऱ्या गायकाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. संगणकीय मुद्रणात संकेतास होणारा विलंबही विचारात घ्यावा लागतो. ध्वनी 10 मिलिसेकंदांत हवेतून सुमारे 3.4 मी. जातो, म्हणजे तेवढ्या विलंबाने वादक जणू तितक्या अंतरावरून स्वतःचे वादन ऐकतो. बिनतारी हेडफोनमधील विलंब सामान्यतः याहून पुष्कळ अधिक असल्याने वादनासाठी तारेचा हेडफोनच योग्य ठरतो.

मुद्रणाचे परीक्षण व मिश्रण यांसाठी उघड्या पाठीचा, कंप्रतांचा समतोल राखणारा हेडफोन श्रेयस्कर असतो. मात्र लाऊडस्पीकरचा आवाज दोन्ही कानांपर्यंत पोहोचतो, तर हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज डाव्या कानालाच ऐकू येतो. त्यामुळे केवळ हेडफोनवर केलेले मिश्रण लाऊडस्पीकरवरही पारखून घेणे इष्ट असते. मुंबई व नवी मुंबईतील लहान सदनिकांत घरगुती मुद्रण करणाऱ्यांस हा नियम विशेष लागू पडतो. तेथे भिंतीपलीकडील शेजाऱ्यांमुळे हेडफोनचा आधार घ्यावाच लागतो.

विवर्धकाची निवड : हेडफोनचा संरोध व संवेदनक्षमता यांवर विवर्धकाची आवश्यकता ठरते. उदा., 1 मिवॉ. शक्तीस 97 डेसिबेल पातळी देणाऱ्या हेडफोनला 110 डेसिबेलच्या क्षणिक उच्चांकासाठी सुमारे 20 मिवॉ. शक्ती लागते. त्याचा संरोध 300 ओहम असल्यास सुमारे 2.45 व्होल्ट दाब व 8 मिलिअँपिअर प्रवाह लागेल; 32 ओहम असल्यास 0.8 व्होल्ट दाब पुरेल, परंतु प्रवाह 25 मिलिअँपिअर लागेल. अधिक संरोधाच्या हेडफोनला खिशातील उपकरणाचा दाब अपुरा पडतो, तो यामुळेच. विवर्धकाचा स्वतःचा निर्गत-संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यावहारिक संकेत आहे. अन्यथा हेडफोनच्या बदलत्या संरोधामुळे काही कंप्रता उठावदार होऊन नादाचा पोत बदलतो. आवश्यक शक्ती मिळाल्यानंतर अधिक मोठा विवर्धक घेतल्याने गुणवत्ता आपोआप वाढत नाही. महाग विवर्धकापेक्षा योग्य हेडफोन व तो कानावर नीट बसणे यांचा परिणाम पुष्कळ मोठा असतो.

श्रवण-सुरक्षा : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रानुसार प्रौढांनी आठवड्यास 80 डेसिबेल पातळीवर 40 तासांपेक्षा अधिक ऐकू नये, पातळी 3 डेसिबेलने वाढली की सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे 89 डेसिबेलला तो आठवड्यास केवळ 5 तास उरतो. वाशीच्या खाडीपुलावरून जाणाऱ्या उपनगरी गाडीच्या खडखडाटात उघडा हेडफोन लावणारा प्रवासी नकळत आवाज वाढवितो. तेथे बाह्य गोंगाट अडविणारा हेडफोन वापरून आवाज कमी ठेवणेच हितावह असते. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून हेडफोन व विवर्धक यांच्या निवडीत किती मोठा आवाज मिळतो यापेक्षा किती कमी आवाजात संगीत स्पष्ट ऐकू येते, ही कसोटी अधिक महत्त्वाची होय.