राखणीची विद्या

दिनांक २६ जून २०२२ रोजी रविवार होता. बंगळूर येथील चिन्नास्वामी क्रीडांगणावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस सुरू होता आणि समता कॉलोनीतील आमच्या घरी सकाळपासून दूरदर्शन संचासमोर मंडळी जमली होती. एका बाजूस ४१ वेळा करंडक जिंकलेला मुंबईचा संघ, तर दुसऱ्या बाजूस एकदाही न जिंकलेला मध्य प्रदेशचा. घरात मात्र एकमत नव्हते. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर दादरचे. त्यांचे मन मुंबईकडे ओढ घेत होते. आम्ही रायपुरात वाढलो, ते रायपूर मध्य प्रदेशात असतानाच्या काळात. त्यामुळे आमचा जीव मध्य प्रदेशात अडकला होता. शेजारच्या एका ज्येष्ठ काकांनी विचारले, “तुम्ही मराठी असून मुंबईच्या विरुद्ध कसे?” आम्ही उत्तरादाखल पडद्यावर दिसणाऱ्या मध्य प्रदेशच्या प्रशिक्षकाकडे बोट दाखविले. ते होते मुंबईचे श्री. चंद्रकांत पंडित.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत क्रिकेटच्या एका प्रशिक्षकाची हकीकत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गावी पोटासाठी जावे त्या गावाचे होऊन राहावे की जन्मगावाची ओढ जपावी, हा प्रश्न परप्रांतातील प्रत्येक मराठी कुटुंबाने स्वतःला कधीतरी विचारलेला असतो. पंडितांच्या कारकिर्दीत तो प्रश्न मैदानावर, सर्वांच्या देखत सुटताना दिसतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत जन्मलेले पंडित हे रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. मालवणात जन्मलेल्या आचरेकरांनी शिवाजी पार्कच्या मातीत जी शाळा चालविली तिची कीर्ती सर्वश्रुत आहे. सरांचा एक प्रघात प्रसिद्ध आहे. ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. फलंदाजास बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणे मिळे आणि कोणीच बाद करू शकले नाही तर ते फलंदाजाचे होई. सचिन तेंडुलकर यांनी अशी १३ नाणी जपून ठेवली आहेत. जगाने तेंडुलकरांचे फटके पाहिले. सर मात्र त्या नाण्याने आधी वेगळीच विद्या शिकवीत होते, ती म्हणजे आपल्या पाठीमागे जे आहे ते राखण्याची.

पंडितांचे तर खेळातील कामच यष्टी राखण्याचे होते. यष्टिरक्षकाचे प्राक्तन विलक्षण असते. त्याने शंभर चेंडू अडविले तर ते कोणाच्या ध्यानी येत नाहीत, पण एक सुटला की सारे मैदान त्याच्याकडे पाहते. १९८६ साली लीड्स येथे इंग्लंडविरुद्ध पंडितांनी कसोटीत पदार्पण केले, तेही केवळ फलंदाज म्हणून, कारण यष्टीमागे किरण मोरे उभे होते. १९८७ च्या विश्वचषकाचा वानखेडेवरील उपांत्य सामना त्यांच्या वाट्याला आला. १९९२ पर्यंत एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने, एवढीच त्यांची आंतरराष्ट्रीय शिदोरी. प्रथम श्रेणीच्या १३८ सामन्यांत २२ शतके काढणाऱ्या खेळाडूच्या मानाने ती थोडीच म्हणावी लागेल.

उत्तरार्धात ते मुंबईबाहेर पडले आणि मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. येथून त्यांची कथा आमच्या प्रांताशी जोडली जाते. त्या काळी रायपूर, बिलासपूर, दुर्ग हे सारे जिल्हे मध्य प्रदेशातच होते. भिलाईचे राजेश चौहान याच संघातून पुढे येऊन भारताकडून कसोटी खेळले होते. १९९८-९९ च्या हंगामात पंडितांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने अंतिम फेरी गाठली, तेव्हा आम्ही नोकरीत नुकतेच रुळलो होतो. कार्यालयात दुपारच्या डब्याच्या वेळी त्या सामन्याशिवाय दुसरा विषय नसे.

सामना कर्नाटकाशी, बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणावर झाला. पहिल्या डावात मध्य प्रदेशाने ७५ धावांची आघाडी घेतली. रणजीच्या नियमानुसार अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजयी ठरतो. म्हणजे शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशाला जिंकण्याचीही गरज नव्हती. केवळ खेळपट्टीवर टिकून राहायचे होते, हाती आलेले राखायचे होते. नेमके तेच साधले नाही. २४७ धावांचे लक्ष्य असताना विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी विजयी झाले. दीड वर्षाने, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगढ राज्य निर्माण झाले. आमच्या पिढीच्या लेखी तो पराभव एकत्र प्रांताची शेवटची मोठी आठवण होऊन राहिला.

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर पंडितांनी प्रशिक्षणाचे व्रत घेतले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन वेळा अजिंक्यपद मिळविले. पण मुंबईच्या विजयाचे श्रेय प्रशिक्षकाला कोण देतो? तेथे विजय हा नेम आणि पराभव हा अपराध मानला जातो. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर क्रीडांगणावर गुजरातविरुद्ध अंतिम सामना होता. मुंबईने ३१२ धावांचे लक्ष्य राखावयाचे होते, ते राखता आले नाही. पार्थिव पटेल यांनी १४३ धावा करून करंडक गुजरातला नेला. पुढील हंगामात मुंबईचा प्रशिक्षक बदलला आणि पंडित विदर्भाकडे आले.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. आज नागपूर, रायपूर आणि जबलपूर ही तीन राज्यांतील तीन शहरे असली तरी एके काळी ती एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होती आणि नागपूर ही रायपूरची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. त्याच वेळी इंदूरही मध्य प्रदेशात आले. या इंदूरला क्रिकेटची थोर परंपरा होती. नागपूरचे कर्नल सी. के. नायडू, भाऊसाहेब निंबाळकर, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे अशा खेळाडूंच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. पुढे मात्र या विस्तीर्ण मुलखात, विदर्भात काय अथवा मध्य प्रदेशात काय, तो करंडक कधी आला नाही. चांगला खेळाडू निपजला तर त्याने येथून बाहेर जावे, असाच जणू दंडक पडून गेला होता.

पंडितांनी उलट वाट धरली. ते बाहेरून येथे आले. हाताशी नामवंत फारसे नव्हते. फैज फजल कर्णधार होते आणि अनुभवी वसीम जाफर सोबतीला होते. बाकीचे बहुतेक बाहेरच्या जगाला अपरिचित. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्यात उपांत्य सामना कर्नाटकाशी पडला. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे होता. दुसऱ्या डावात त्यांनी ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. एवढ्याशा धावा राखणे अवघडच होते. रजनीश गुरबानी या तरुण गोलंदाजाने त्या डावात सात बळी घेतले, कर्नाटक १९२ धावांत आटोपले आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी अंतिम फेरीत गेला.

अंतिम सामना इंदूरलाच होता. वर्षापूर्वी ज्या मैदानावर पंडितांना हार पत्करावी लागली होती, त्याच मैदानावर गुरबानी यांनी दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक साधली, अक्षय वाडकर यांनी प्रथम श्रेणीतील आपले पहिले शतक झळकाविले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गड्यांनी विजयी झाला. त्या संध्याकाळी नागपूरहून आम्हाला आलेले दूरध्वनी मोजले असते तर दिवाळीच्या शुभेच्छांनाही मागे टाकते.

तो योगायोग नव्हता, हे पुढच्याच वर्षी कळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरजवळ जामठा येथे सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात पुन्हा २०६ धावांचे बेताचे लक्ष्य राखायचे होते. समोर चेतेश्वर पुजारा यांच्यासारखा चिवट फलंदाज होता. आदित्य सरवटे यांनी दोन्ही डावांत पुजारांना बाद केले, सामन्यात अकरा बळी घेतले आणि सौराष्ट्र १२७ धावांत गारद झाले. हा सामना संपला तेव्हा आचरेकर सरांच्या निधनाला जेमतेम पाच आठवडे झाले होते. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले होते. यष्टीवरच्या नाण्याची ती विद्या शिष्याच्या शिष्यांनी जामठ्याच्या मैदानावर वापरलेली पाहून त्यांना काय वाटले असते, हा विचार आमच्या मनात त्या वेळी आल्याशिवाय राहिला नाही.

पंडितांची पद्धत कडक. वेळ, सराव आणि आज्ञापालन यांत ते सवलत देत नाहीत. मध्य प्रदेशचे कर्णधार आदित्य श्रीवास्तव यांना स्वतःच्या लग्नासाठी दोनच दिवसांची रजा मिळाली, ही हकीकत वृत्तपत्रांतून गाजली. ही लष्करी शिस्त सर्वांनाच मानवते असे नाही. पुढे ते कोलकाता नाइट रायडर्स संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा परदेशी खेळाडूंना ती जाचक वाटल्याची जाहीर तक्रार झाली, आणि त्याच संघाने २०२४ साली आयपीएलचे विजेतेपदही मिळविले. आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला घरी परतण्याची तिकिटे हातात आहेत त्याला अशी शिस्त जाचेल. ज्याने एकच गोष्ट मिळविण्यासाठी घर सोडले आहे त्याला ती आधार वाटेल. मध्य प्रदेशचे फिरकी गोलंदाज कुमार कार्तिकेय यांचेच उदाहरण पाहा. काही तरी करून दाखविल्याशिवाय परतायचे नाही असे ठरवून त्यांनी उत्तर प्रदेशातील घर सोडले होते. आपल्या छत्तीसगढच्या सीमेलगतच्या शहडोलकडून खेळत ते पुढे आले आणि २०२२ चा करंडक जिंकल्यानंतरच, नऊ वर्षांनी, आईला भेटले.

आता पुन्हा त्या रविवारकडे येऊ. २०२० साली पंडितांनी मध्य प्रदेशाची धुरा घेतली. महामारीमुळे एक हंगाम झालाच नाही. पुढच्या हंगामात संघ अंतिम फेरीत पोहोचला, तो पुन्हा चिन्नास्वामी क्रीडांगणावर आणि या वेळी साक्षात मुंबईसमोर. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हेही आचरेकर सरांचेच शिष्य. मुंबईने ३७४ धावा केल्या. मध्य प्रदेशाने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या बळावर ५३६ धावा करून १६२ धावांची आघाडी घेतली. १९९९ मध्येही आघाडी होती, ती राखता आली नव्हती, हे आठवून आमच्या छातीत धडधड होत होती. पण या संघाने आघाडी सोडली नाही. मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत संपला, विजयाला लागणाऱ्या १०८ धावा चार गडी गमावून पुऱ्या झाल्या आणि पंडितांचे डोळे भरून आले. २३ वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जेथे करंडक गमावला तेथेच तो प्रशिक्षक म्हणून त्यांनी मिळविला होता. आपल्या जन्मगावच्या संघाला हरवून मिळविला होता, हे विशेष. आमच्या सौभाग्यवती काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “चला, करंडक घरातच राहिला म्हणायचा.” काकांनीही मान डोलावली.

त्यात मुंबईशी कसलाही द्रोह नव्हता. मुजुमदारांच्या संघाला पंडितांनी अंगभर खेळून हरविले, यातच शिवाजी पार्कच्या शिकवणीचा मान होता. जेथे काम करायचे तेथे हातचे राखून करायचे नाही, हीच तर ती शिकवण. मुजुमदारही तेथे थांबले नाहीत. स्वतः भारताकडून एकही सामना खेळावयास न मिळालेल्या या गुरूच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.

प्रशिक्षकाच्या कामाची खरी पारख तो निघून गेल्यावर होते. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. पंडित तेव्हा त्या संघापाशी नव्हते. कर्णधार होते अक्षय वाडकर, म्हणजे इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात पहिले शतक काढणारे तरुण यष्टिरक्षक. पंडितांनी लावलेली वेल त्यांच्यावाचूनही फळली.

जुन्या मध्य प्रांताच्या तीन वाटण्यांपैकी दोघींच्या घरी करंडक जाऊन आला. तिसरी आपली. छत्तीसगढचा संघ २०१६-१७ पासून रणजी स्पर्धेत उतरतो आहे, नव्या रायपुरात शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य क्रीडांगण उभे आहे, आणि करंडक अद्याप यावयाचा आहे. संध्याकाळी समता कॉलोनीच्या रस्त्यांवर मुले खेळताना दिसतात, त्यांत जोशी, देशमुख, साहू, वर्मा, अग्रवाल असे सारेच असतात. चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो आणावयास कोणी जायचे यावर त्यांचे भांडण हिंदी, मराठी आणि छत्तीसगढी अशा तिन्ही भाषांत चालते. मंडळाने पुढील पन्नास वर्षांत नाटके करावीत, गणेशोत्सव करावा, वाचनालय वाढवावे. त्यासोबत या मुलांसाठी एखादा जाणता गुरू शोधून आणावा, एवढीच आमची सूचना आहे. तो मराठीच असावा असा आमचा आग्रह नाही. यष्टीवर नाणे ठेवून मुलांना ते राखावयास शिकविणारा असावा, म्हणजे झाले.