आयरिश परंपरेतील बासऱ्या आणि वाद्यांतर

एकाच वादकाने तीच धून एका प्रकारच्या बासरीवरून दुसऱ्या प्रकारच्या बासरीवर नेणे, या क्रियेस येथे ‘वाद्यांतर’ म्हटले आहे. आयरिश पारंपरिक संगीतात त्यासाठी चार वाद्ये विचारात घ्यावी लागतात : (१) टिन व्हिसल, (२) लो व्हिसल, (३) सहा छिद्रांची लाकडी आडवी बासरी आणि (४) ब्योम पद्धतीची, चाव्यांची बासरी.

वादनक्रियेचे घटक तीन : मुखक्रिया, अंगुलिन्यास आणि हस्तविस्तार. वाद्यांतराची कठीणता यांपैकी कोणता घटक बदलतो यावरून ठरते.

पहिल्या तीन वाद्यांत, ती डी स्वराची असल्यास, मूलभूत अंगुलिन्यास समान असतो. टिन व्हिसलवरून लो व्हिसलवर जाताना मुखक्रियेचे स्वरूप टिकते. स्वर एक सप्तक खाली जातात. नळी लांबल्याने छिद्रांतील अंतर वाढते, म्हणून बोटांच्या टोकांऐवजी मधल्या पेरांनी छिद्रे झाकतात. येथे प्रामुख्याने हस्तविस्तार बदलतो.

टिन व्हिसलवरून लाकडी बासरीवर जाताना हस्तविस्तारासह मुखक्रियाही बदलते. व्हिसलमध्ये हवेचा झोत धारेवर नेणारा मार्ग घडवलेला असतो; वरचे सप्तक फुंकीच्या जोराने मिळते. आडव्या बासरीत तो मार्ग ओठांनीच निर्माण करावा लागतो आणि सप्तकही ओठांच्या नियंत्रणाने बदलते.

टेओबाल्ड ब्योम यांच्या 1847च्या दंडगोल नळीच्या बासरीत मुखक्रियेचे तत्त्व तेच राहते, अंगुलिन्यास मात्र बदलतो. लाकडी बासरीवर वरची चार छिद्रे झाकल्यास तीव्र एफ मिळतो. ब्योम बासरीवर त्याच चार बोटांनी शुद्ध एफ येतो. डी आणि जी या प्रचलित स्वरस्थानांच्या मेजर धुनींत तीव्र एफ हा नित्य स्वर असल्याने जुनी सवय धुनीचे रूपच बिघडवते. शिवाय छिद्रावरून बोट हळूहळू सरकवून स्वर चढवण्याची क्रिया बंद झाकणाच्या चावीवर साधत नाही. म्हणून लाकडी बासरीच्या वादकास हे वाद्यांतर अलंकारांच्या दृष्टीने सर्वांत दूरचे ठरते.

तथापि ते परंपरेबाहेरचे नव्हे. जोनी मॅडन यांचे चांदीच्या बासरीवरील आयरिश वादन त्याचे प्रमाण आहे.

यावरून नियम निघतो : मुखक्रिया बदलल्यास आधी दीर्घ स्वरांचा, अंगुलिन्यास बदलल्यास संथ धुनींचा आणि हस्तविस्तार बदलल्यास छिद्रे निर्दोष झाकण्याचा अभ्यास करावा. अनेक घटक बदलल्यास ते एकेक करून साधावेत. वेग शेवटी वाढवावा.