मूर्तिजापूरच्या वाटेवरची लँडमास्टर

अकोल्याहून अमरावतीस येताना मूर्तिजापूर सोडल्यावर आमच्या गाडीने एका जुन्या मोटारीस मागे टाकले. आधी तिची पाठ दिसली, मग कूस, मग क्षणभर तोंड. बरोबरचे स्नेही सहज म्हणाले, 'अँबेसेडर!' मराठी माणसाने गोलसर जुन्या मोटारीला दिलेले हे जवळजवळ सामान्यनामच होय. आम्हांला मात्र ते पटेना. त्या अर्ध्या मिनिटाच्या दर्शनातून काय सिद्ध करता येते, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

हस्तलिखिताचा काळ ठरविताना अभ्यासक आधी अक्षरवळण पाहतो, मग पुष्पिका. मोटारीचे अक्षरवळण म्हणजे तिचा पत्रा. अँबेसेडर १९५७ पासून बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तिचे मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेत. त्या आरंभीच्या अँबेसेडरच्या बॉनेटवर खोलगट पन्हळी असत आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना लहानसे उभे पंख. आम्ही पाहिलेल्या गाडीची पाठ मात्र उतरत्या गोलाईची होती, पंख नव्हते, बॉनेटही सपाट. ही लक्षणे ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची, म्हणजेच १९५४ साली आलेल्या हिंदुस्तान लँडमास्टरची.

येथे एक सावधगिरी हवी. समोरची जाळी, दिवे, फार तर बॉनेटसुद्धा, पन्नास-साठ वर्षांत कोणीही बदललेले असू शकते. सुटे भाग मिळेनासे झाले की मिस्त्री जे मिळेल ते बसवितो. नकलकारही न कळलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो, तसेच हे. म्हणून बदलण्यास सोप्या खुणेपेक्षा बदलण्यास अवघड खुणेवर अधिक भिस्त ठेवावी. मागचे पंख हे सांगाड्याच्या पत्र्याचेच अंग असतात. कोणी हौसेने जाळी बदलील, पण पंख कापून पाठ गोल करण्याचा खटाटोप सहसा करणार नाही. आमचा निर्णय त्या पाठीवर उभा आहे.

मग पुष्पिका, म्हणजे नंबरप्लेट. ती चिखलाने माखलेली होती आणि आम्हांला वाचता आली नाही. याची हळहळ वाटण्याचे कारण इतिहासात आहे. १९५४ साली अकोला आणि अमरावती हे जिल्हे महाराष्ट्रात नव्हते, मुंबई राज्यातही नव्हते. ते होते मध्य प्रदेशात, आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. म्हणजे अकोल्याच्या एखाद्या वाड्यासमोर १९५५ साली उभी राहिलेली मोटार जागची न हलता पाच वर्षांत तीन राज्यांची रहिवासी झाली असती.

तिच्या पाटीवर जुन्या मध्य प्रदेशाची अक्षरे असती, तर आजचा पाहणारा काय म्हणाला असता? 'भोपाळ-इंदूरकडून आणलेली दिसते.' पुरावा खरा, अनुमान चुकीचे. आजचा नकाशा कालच्या वस्तूवर घातला की अशी चूक होते. वऱ्हाडातील लेखकांची पत्रे, शाळांचे दाखले, ग्रंथांवरील प्रकाशनस्थळे वाचतानाही ती होऊ शकते. १९५२ सालच्या कागदावर 'अमरावती, मध्य प्रदेश' असे दिसले म्हणून तो लेखनप्रमाद ठरत नाही. उलट तोच त्या कागदाच्या अस्सलपणाचा एक पुरावा होय.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. नव्याने नोंद होणाऱ्यांस 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. ज्यांची नोंद आधीच झालेली आहे, त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. या तरतुदीकडे केवळ हौशी लोकांची सोय म्हणून पाहू नये. क्रमांक टिकला तर साक्ष टिकते.

आणि मोटार भंगारात गेली असली, तरी घरोघरच्या जुन्या छायाचित्रांत ती उभी असते: बॉनेटला टेकलेले काका, पायरीवर बसलेली मुले. अशा छायाचित्राच्या मागे तारीख नसेल, तर आमच्या विद्यार्थिमित्रांनी माणसांबरोबर गाडीही न्याहाळावी. पाठीला पंख आहेत की नाहीत ते पाहावे, पाटीवरची अक्षरे भिंगाखाली धरावीत. गाडीच्या घडणीवरून एवढे कळते की छायाचित्र अमुक सालाआधीचे नाही. पाटीवरून नोंदणीच्या काळी कोणते राज्य होते ते कळते. छायाचित्र मात्र त्यानंतर कितीही वर्षांनी काढलेले असू शकते, हेही विसरू नये.

ज्या रस्त्यावर ती आम्हांला दिसली, त्याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम करण्यात आला. त्या गुळगुळीत थरावरून लँडमास्टर आपल्या चालीने येत होती. आम्ही वेग कमी करावयास हवा होता. पाटी तरी वाचता आली असती.