कॉन्ट्रा : ऑपरेशन गलुगा

कॉन्ट्रा : ऑपरेशन गलुगा : धावता-धावता, उड्या मारत गोळीबार करण्याच्या प्रकारातला व्हिडिओ गेम. प्रकाशक जपानची कोनामी. निर्मिती कॅलिफोर्नियातल्या वेफॉरवर्ड या स्टुडिओची. १२ मार्च २०२४ रोजी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच आणि विंडोज यांवर तो एकदमच आला. १९८७ च्या ‘कॉन्ट्रा’ची ही नवी मांडणी आहे. जुनाच खेळ घासूनपुसून पुन्हा विकायला काढला, असा हा प्रकार नाही; टप्पे, शत्रू आणि हत्यारे मुळातून उचलून बाकीचे नव्याने रचले आहे.

मूळ खेळ आधी आर्केडमध्ये आला आणि १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर. नाव झाले ते या घरगुती आवृत्तीमुळेच. बिल रायझर आणि लान्स बीन हे दोन उघडे सैनिक, परग्रहावरून आलेला रेड फाल्कन आणि पाय ठेवताच एकामागून एक तुकडे उडणारा जंगलातला पूल, एवढ्यावर खेळाची ओळख पटते. कथा जपानी आवृत्तीत २६३३ सालात, न्यूझीलंडजवळच्या गलुगा द्वीपसमूहावर घडते. नायकांची नावे ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटातल्या नटांच्या नावांची मोडतोड करून बेतली असल्याचे मानले जाते. एक गोळी लागली की खेळाडू मेला, लाईफ तीनच. म्हणून वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए हा संकेत तोंडपाठ झाला, कारण त्याने तीस लाईफ मिळत. तो मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ या दुसऱ्या खेळाची घरगुती आवृत्ती तपासताना स्वतःच्या सोयीसाठी घातला होता. युरोपात सैनिकांच्या जागी यंत्रमानव दाखवून हाच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ नावाने विकला गेला.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना हा खेळ ठाऊक आहे, पण बहुतेकांना कोनामी ठाऊक नाही. निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघर आल्या आणि शेकडो खेळांचा दावा करणाऱ्या कॅसेटमध्ये ‘कॉन्ट्रा’ हटकून असे. पाचपदरी गोळी झाडणारे ‘एस’ अक्षराचे हत्यार कोणी उचलायचे यावरून भांडणे होत. धबधब्याच्या टप्प्यात वर चढणाऱ्याने घाई केली, की पडदा वर सरके आणि मागे राहिलेला जोडीदार खालच्या कडेला लागून मरे. भावंडांच्या कित्येक वैरांचे मूळ या एका टप्प्यात आहे.

पुढची वाटचाल चढउतारांची. ‘कॉन्ट्रा थ्री’ (१९९२) आणि ‘हार्ड कोअर’ (१९९४) हे मालिकेतल्या उत्तम खेळांत गणले जातात. त्रिमितीच्या लाटेत निघालेले प्लेस्टेशनवरचे दोन खेळ फसले. वेफॉरवर्डनेच २००७ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी केलेला ‘कॉन्ट्रा ४’ कडक आणि मुळाशी इमानी होता. २०१९ चा ‘रोग कोअर’ मात्र इतका बेचव निघाला, की मालिका संपली असेच अनेकांनी धरले. ‘ऑपरेशन गलुगा’कडून अपेक्षा बेताच्या होत्या, त्या या पार्श्वभूमीवर.

खेळ बाजूनेच दिसतो. आकृत्या त्रिमितीत घडवलेल्या आहेत, हालचाल मात्र सपाट पातळीवरच होते. दुहेरी उडी आणि झटक्यात सटकण्याची सोय आल्यामुळे गोळ्यांच्या पावसातूनही वाट काढता येते. हत्यारे एका वेळी दोन बाळगता येतात आणि तेच अक्षर पुन्हा उचलले की हत्यार वरच्या पातळीला जाते. खरी भर आहे ती ‘ओव्हरलोड’ची : हातातले हत्यार एकाच तडाख्यात उधळून टाकायचे आणि त्याबदल्यात त्या हत्याराची खास करामत मिळवायची. समोर अजस्र शत्रू, आपण मरणाच्या दारात, हातात दुसऱ्या पातळीचे ‘एस’. आता मेलो तर ते असेही जाणार. मग उधळावे की राखावे? जुन्या खेळात हत्यार जाणे हे केवळ दुर्दैव होते. इथे तो खेळाडूचा निर्णय होतो, आणि खेळाची सगळी मजा या एका कल्पनेभोवती गोळा झाली आहे.

उणिवा गोळीबाराच्या बाहेर आहेत. कथेच्या मोडमध्ये पात्रे थांबून-थांबून बोलतात, आणि ते बोलणे ना गंभीर ना धड विनोदी. मुळातली रांगडी चित्रे थोडक्या ठिपक्यांत धाक निर्माण करत. नवी पार्श्वभूमी त्यांच्यापुढे प्लास्टिकची वाटते. एकूण टप्पे आठच, म्हणजे सराईत खेळाडूला एक बैठक पुरे. मिळवलेले क्रेडिट खर्चून ‘पर्क’, म्हणजे खास सवलती, विकत घ्यायचे दुकानही आहे. क्रेडिट खेळातच मिळतात, खिशातले पैसे लागत नाहीत, हे खरे. पण कोनामीचा तो जगप्रसिद्ध संकेतसुद्धा याच दुकानातून घ्यावा लागतो. गल्लीतल्या पोरांनी एकमेकांना फुकट शिकवलेल्या गोष्टीवर किंमत चिकटवण्याची ही कल्पना गंमत म्हणून सुचली असेल. खेळताना तिचे हसू येत नाही.

अवघडपणाबाबत मात्र शहाणपणा दिसतो. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी अनेक फटके सोसणारी आरोग्यपट्टी, आणि हट्टी जुन्या खेळाडूंसाठी एका गोळीत मरण; निवड आपली. कथेच्या मोडमध्ये दोघे, तर आर्केड मोडमध्ये चौघे एकत्र खेळू शकतात. शिवाय तीस आव्हानांचा वेगळा मोड आहे. बिल आणि लान्सबरोबर आरियाना, ल्युसिया, स्टॅनली आयर्नसाइड आणि युरोपच्या आठवणीखातर प्रोबोटेक्टरही निवडता येतात. इंटरनेटवरून जोडीने खेळण्याची सोय नाही, त्यामुळे जोडीदार त्याच खोलीत हवा. स्विचवरची आवृत्ती इतर यंत्रांच्या मानाने अडखळते, आणि क्षणाच्या अंशावर जगणे-मरणे ठरणाऱ्या खेळात ते खुपते. पर्याय असेल तर ती टाळलेली बरी.