क्षेपणभूमी-विस्ताराची जनसुनावणी : कर्जत व खालापूर

घनकचरा किंवा घातक कचरा पुरण्याच्या जागेची क्षमता वाढवण्याआधी परिसरातील रहिवाशांचे म्हणणे सरकारी दप्तरात नोंदवून घेण्याची वैधानिक प्रक्रिया. ती पर्यावरणीय मंजुरीचा एक टप्पा असून मंजुरी केंद्रीय मंत्रालय किंवा राज्यस्तरीय प्राधिकरण देते, सुनावणी मात्र राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत या प्रक्रियेची किंमत लोकमत अजमावण्यापेक्षा पुरावा मिळवण्यात अधिक आहे. पावसाळ्यात येथील जमिनीवर आणि जमिनीखाली पाणी कसे वागते, हे प्रकल्पाच्या अहवालात फार थोडे उतरते. ते सांगू शकणारी माणसे सुनावणीलाच येतात. त्यामुळे विस्ताराला सुनावणीतून सूट दिली की वेळ वाचतो खरा, पण निर्णयाला लागणारा पुरावाही गळतो.

कायदेशीर आधार : पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची, तीत १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने जनसुनावणी आली. सध्याची चौकट १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची आहे. तिच्या परिशिष्टात घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधा ७(ड) आणि नागरी घनकचऱ्याच्या सामायिक सुविधा ७(आय) या क्रमांकांखाली येतात. जैववैद्यकीय कचऱ्याची केंद्रे २०१५ मध्ये जोडली गेली. सुनावणीची किमान ३० दिवसांची सूचना वृत्तपत्रांतून द्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही. नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात ही ३० दिवसांची मुदत २० वर आणण्याचा प्रस्ताव होता. विस्ताराच्या बाबतीत मूळ अधिसूचनेतच एक महत्त्वाची मेख आहे : नव्या प्रकल्पाला जी सुनावणी नियमाने लागते, ती विस्ताराला लागावी की नाही हे तज्ज्ञ मूल्यांकन समिती ठरवते. पुढे कार्यालयीन ज्ञापनांनी ठरावीक मर्यादेतील विस्तारांना अटींवर आणखी सवलती दिल्या. घातक कचऱ्याचा खड्डा दुप्पट करण्याचा प्रस्तावही अशा रीतीने आधी एका बैठकीच्या टिपणात तोलला जातो. गावाला त्याची खबर नंतर लागते, किंवा लागतही नाही.

पाऊस, खडक आणि नद्या : दोन्ही तालुक्यांत वर्षाला साधारण ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. साधा हिशेब केला तर एक हेक्टर उघड्या क्षेपणभूमीवर एका पावसाळ्यात सुमारे ३ कोटी लिटर पाणी पडते. त्यातले काही वाहून जाते, काही वाफ होते, आणि उरलेले कचऱ्यातून मुरून काळपट लीचेट होऊन तळाशी येते. तळाला प्लास्टिकचे अस्तर आणि चिकणमातीचा थर असला, तरी लीचेट उपसणारे पंप आणि साठवण टाक्या मुसळधार पावसात पुरेशा पडतात का, हा खरा प्रश्न असतो. खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. त्यात पाणी वाळूसारखे सर्वत्र सारखे झिरपत नाही. भेगा आणि सांधे सापडतील तसे ते सरकते. म्हणून शंभर मीटरवरची विहीर स्वच्छ राहून चारशे मीटरवरची बिघडू शकते, आणि निरीक्षण-विहिरी चुकीच्या भेगेवर खोदल्या तर वर्षानुवर्षे निर्दोष आकडे देत राहतात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर अशी अंतरे आहेत. ती नकाशावर मोजता येतात, भेगा येत नाहीत. उल्हास कर्जतमधून बदलापूर-कल्याणकडे जाते. पाताळगंगा खोपोलीकडून खालापूर आणि रसायनीमार्गे धरमतरच्या खाडीला मिळते. खोपोलीचे १९१५ चे आणि भिवपुरीचे १९२२ चे अशी टाटांची दोन जलविद्युत केंद्रे घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी या खोऱ्यांत सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या राहतात आणि खालच्या शहरांच्या पाणी योजना त्यांवर उभ्या आहेत. सुनावणी मात्र प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या लगत, त्याच जिल्ह्यात होते. नदीकाठच्या ठाणे जिल्ह्यातील ग्राहकाला तिच्यात वेगळे स्थान नाही.

या भूगोलावर आघात मूल्यांकनाचा रिवाज नीट बसत नाही. अहवालासाठी हवा, पाणी आणि मातीचे नमुने सर्वसाधारणपणे एकाच ऋतूत घेतले जातात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा असे समितीने अहवालासाठी ठरवून दिलेल्या कार्यकक्षेतच लिहिलेले असते. हवेच्या प्रदूषणासाठी हे समजण्यासारखे आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे खोटे चांगले दिसतात. क्षेपणभूमीचा धोका मात्र पावसाळ्यातच तयार होतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत तपासलेल्या ओढ्यात पाणीच नसते. त्याच ओढ्याला जुलैत कोणत्या बाजूने फेस येतो, कोणत्या आठवड्यात भातखाचरातले पाणी वास मारू लागते, कोणत्या विहिरीला पावसाळ्यानंतर चव बदलते, हे शेजारची वाडीच सांगू शकते. कागदोपत्री नोंदी अपुऱ्या राहतात याचा कटू दाखला खालापूर तालुक्यातच आहे : १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यावरून प्रत्येक रहिवाशाचे प्रत्येक विधान खरे ठरत नाही. यादी संपूर्ण आहे असे धरून चालणे धोक्याचे आहे, एवढे मात्र ठरते.

औद्योगिक क्षेत्रांची सूट : २००६ च्या अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना जनसल्लामसलतीतून वगळले, ही सूट कोणत्या वसाहतींना लागू, यावर पुढे आदेश आणि वाद झाले. खालापूरसाठी हा मुद्दा निर्णायक आहे, कारण पाताळगंगा-रसायनीचा पट्टा याच तालुक्यात आणि शेजारच्या पनवेल तालुक्यात तळोजा वसाहत. महाराष्ट्रातील घातक कचऱ्याच्या मोठ्या सामायिक केंद्रांपैकी एक तळोज्याच्या वसाहतीत आहे. महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीची केंद्रेही औद्योगिक क्षेत्रांतच आहेत. गोवंडीतील जैववैद्यकीय कचरा केंद्र दोन वर्षांत हलवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले, तेव्हा नवी जागा म्हणून पाताळगंगा औद्योगिक परिसराचे नाव पुढे आले. म्हणजे जो कचरा सर्वांत घातक, तोच सुनावणी न लागणाऱ्या जागेकडे सरकण्याची सोय नियमातच आहे.

आक्षेप आणि उत्तरे : वसाहत आधीच तपासून मंजूर झालेली असते, मग पुन्हा सुनावणी कशाला, हा पहिला आक्षेप. पण वसाहतीची तपासणी कारखान्यांसाठी असते. कारखाना बंद करता येतो. पुरलेला घातक कचरा जागेवरच राहतो आणि झाकल्यानंतरही अनेक वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. दुसरा आक्षेप असा की सुनावणीत विरोधच ऐकू येतो, कारण कचरा आपल्या दारात कुणालाच नको. हे बऱ्याच अंशी खरे आहे. म्हणूनच सुनावणीला मतदान समजू नये. घोषणा बाजूला काढून जागा, महिना आणि पाण्याची दिशा सांगणारी विधाने वेगळी करणे हे समितीचे काम आहे. गोव्यातील रिवण येथील खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हीच अपेक्षा ठेवली : लोकांच्या हरकतींचा विचार कसा केला, याची कारणे समितीने द्यावीत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. विस्तार अडला तर कचरा बेकायदा दऱ्याखोऱ्यांत टाकला जाईल आणि नुकसान अधिक होईल. यावर उत्तर इतकेच की नियमानुसार सुनावणी ४५ दिवसांत आटोपायची असते, तर क्षेपणभूमी २० ते २५ वर्षांसाठी आखली जाते. या प्रमाणात ४५ दिवसांना अडथळा म्हणणे कठीण आहे.

इतिवृत्त : सुनावणीचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे तिचा कागद. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्यावर अध्यक्षांची सही होते. मुद्दे आणि अर्जदाराची उत्तरे यांचा तक्ता जोडला जातो व तो ग्रामपंचायतीत लावायचा असतो. अर्जदाराने अंतिम अहवालात या मुद्द्यांचे निराकरण दाखवायचे असते. लेखी निवेदनाची पोच घेऊन ठेवली, त्यात गट क्रमांक, विहीर आणि महिना लिहिला, तर मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत दाखल करायच्या अपिलाला भक्कम आधार मिळतो. तोंडी भाषण गोषवाऱ्यात एका ओळीवर येते.

नगरपरिषदांचे डम्पिंग ग्राउंड : ढीग वाढतो, पण ‘विस्तार’ म्हणून अर्ज होत नाही, त्यामुळे सुनावणीही होत नाही.

ग्रामसभा : रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने ठाकूर व कातकरी वाड्यांना पेसा कायद्याचा आधार मिळत नाही, वनहक्क कायदा फक्त वनजमिनीपुरता उपयोगी पडतो.

मूल्यमापन : या तालुक्यांत सुनावणी उपयुक्त ठरायची असेल तर अधिसूचना बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. कार्यकक्षा ठरवतानाच समिती पावसाळ्यातील नमुने, पावसाळ्यात वाहणाऱ्या ओढ्यांचा नकाशा आणि विस्तारासाठीही सुनावणी या तीन अटी घालू शकते. तसा अधिकार तिला आजही आहे. सुनावणी पावसाळा संपताच, भातकापणीच्या आधी ठेवली तर विहिरी भरलेल्या असतात आणि त्या वर्षीच्या पाण्याची आठवण ताजी असते. त्यानंतरही समिती विस्तार मंजूर करू शकते. मात्र तेव्हा, अस्तर आणि पंप कोणत्या पावसासाठी बांधले, याचे उत्तर तिला लेखी द्यावे लागेल.