शिरस्त्राण उतरवणारे खेळाडू

इतिहास म्हटला की लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु एखाद्या तरुणाने भर उमेदीत आपला धंदा सोडून घरी जावे, एवढ्याशा गोष्टीलाही मोठा इतिहास असू शकतो. त्यातलाच एक आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

मार्च 2015 मध्ये क्रिस बोरलंड नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूने निवृत्ती जाहीर केली. त्याचे वय होते अवघे 24. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाकडून तो एकच हंगाम खेळला होता आणि त्यात त्याने नाव मिळवले होते. करारावर सही करतेवेळी मिळालेल्या रकमेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्याला परत करावा लागला. डॉक्टरांनी त्याला खेळावयास मनाई केली होती, असे मुळीच नाही. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांविषयी त्याने वाचले, संशोधकांशी आणि जुन्या खेळाडूंशी तो बोलला आणि ही जोखीम आपल्याला पत्करावयाची नाही, असे त्याने ठरवले.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन धावणाऱ्यास पाडावयाचे, असा तो खेळ. टक्कर हाच त्याचा प्राण. 1905 च्या हंगामात सुमारे 18 खेळाडू दगावल्याची नोंद वर्तमानपत्रांनी केली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. 1906 साली नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. 1943 पासून व्यावसायिक संघांत शिरस्त्राण सक्तीचे झाले. लोकांना वाटले, प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही हे खरे. पण कवटीच्या आत मेंदू हिसके खातच राहतो. नारळ न फुटताही आतले पाणी डचमळावे, तसेच हे. वारंवार ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बुद्धी मंदावते, हे हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी 1928 सालीच लिहून ठेवले होते. मुष्टियोद्ध्याचे जे होते ते फुटबॉलपटूचेही होत असेल काय, हा प्रश्न मात्र फार वर्षे कोणी नेटाने विचारला नाही.

1992 मध्ये अल टून आणि 1994 मध्ये मेरिल होज या नामांकित खेळाडूंना डोक्याच्या दुखापतींमुळे खेळ सोडावा लागला. त्याच 1994 साली व्यावसायिक फुटबॉलच्या महासंघाने, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगने, या दुखापतींच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मेंदूचे तज्ज्ञ नव्हते. ते संधिवाताचे डॉक्टर होते! दीर्घकालीन अपाय सिद्ध झालेला नाही, असाच या समितीचा एकंदर सूर राहिला. आणि गंमत अशी की, 1999 साली महासंघाच्याच निवृत्तिवेतन मंडळाने माइक वेब्स्टर या जुन्या खेळाडूचे अपंगत्व खेळातील डोक्याच्या आघातांमुळे आले, हे मान्य करून त्याला भत्ता मंजूर केला. एका दालनात कबुली आणि दुसऱ्या दालनात नकार, असा हा प्रकार.

वेब्स्टर हा पिट्सबर्गचा लाडका खेळाडू. 17 हंगाम तो खेळला. पुढे स्मरणशक्ती गेली, संसार मोडला, कित्येक रात्री त्याने आपल्या गाडीत काढल्या. 2002 साली वयाच्या 50 व्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू हे नायजेरियातून आलेले. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता. वरवर निरोगी दिसणाऱ्या त्या मेंदूच्या पातळ चकत्या त्यांनी करवून घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी दिसल्या. 2005 साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा समितीच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घेण्याची मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही.

या विकाराची एक क्रूर गोष्ट अशी की, त्याचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. 2011 मध्ये डेव्ह ड्युअर्सन या माजी खेळाडूने छातीत गोळी झाडून घेतली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे त्याने मागे कळवून ठेवले होते. 2013 साली हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यांत महासंघाने 76 कोटी 50 लाख डॉलरची तडजोड देऊ केली. पुढे न्यायालयाच्या आग्रहाने रकमेची ही मर्यादा काढण्यात आली. खेळ आणि हा विकार यांचा संबंध आहे, अशी कबुली महासंघाच्या अधिकाऱ्याने काँग्रेसच्या सदस्यांपुढे दिली ती मात्र 2016 मध्ये, म्हणजे बोरलंड घरी गेल्यानंतर वर्षभराने.

जुलै 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या महासंघात खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, त्यांपैकी 110 मध्ये हा विकार आढळला. येथे तारतम्य हवे. ज्यांच्या घरच्यांना शंका आली त्यांचेच मेंदू बहुधा दान होतात. म्हणून शंभरांतील नव्व्याण्णव खेळाडूंना हा विकार होतो, असा हिशेब मांडणे चुकीचे. पण आकडा हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी बाल्टिमोरच्या जॉन अर्शेलने 26 व्या वर्षी खेळ सोडला. तो गणिताचा अभ्यासक. 2015 मध्ये सरावात धक्का बसल्यावर काही काळ त्याला उच्च गणित जमेनासे झाले होते.

टून आणि होज यांना शरीराने थांबवले. बोरलंड आपण होऊन थांबला. या दोहोंमध्ये जी वीस-बावीस वर्षे गेली, त्यांत घडले ते एवढेच की माहिती खेळाडूच्या हाती आली. आणि ती आणून दिली वेब्स्टर-ड्युअर्सनसारख्या मृतांनी. जगात धोक्याचे धंदे पुष्कळ आहेत आणि माणसे ते खुशीने करतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. शिवाय बोरलंडपाशी इतिहासाची पदवी होती, अर्शेलपाशी गणित होते. ज्याच्यापाशी खेळावाचून दुसरे साधन नाही, ज्याच्या मिळकतीवर सारे घर उभे आहे, त्याला भ्याड किंवा मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हास नाही. पण धोका पत्करणे आणि धोक्यात ढकलले जाणे यांत जे अंतर आहे, ते माहितीचे आहे. वेब्स्टरला ती कोणी दिली नाही. बोरलंडला ती मिळाली, आणि 24 व्या वर्षी त्याने तिचा उपयोग केला.